सोबतीचा वेग

पेणहून रोह्याला सायकलने निघालं की रस्ता आपोआप तीन भागांत पडतो. पेण ते वडखळ हा पहिला भाग खारेपाटाचा. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, खाडीकडून येणारा खारा वास, आणि चढ म्हणावा असं काहीच नाही. वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो, डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर अंगावर येऊ लागतात आणि तिथून नागोठण्यापर्यंत दुसरा भाग चालतो, मुंबई–गोवा महामार्गाचा लांबलचक पट्टा. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि इतकं रखडलं की खड्डे, धूळ आणि वळवलेला रस्ता या पट्ट्यावर गृहीतच धरावे लागले. नागोठण्याला महामार्ग सोडला की तिसरा भाग: भिसे खिंड चढायची आणि पलीकडे कुंडलिकेच्या खोऱ्यात रोह्याला उतरायचं. सगळं मिळून अंतर साधारण चाळीस किलोमीटर.

रविवारी पहाटे आठ-दहा जण मिळून या रस्त्याला लागतात तेव्हा पहिल्या भागात सगळे एकत्र असतात. गप्पा चालतात, फोटो निघतात. दुसऱ्या भागात गट लांबत जातो, कारण ट्रेलरच्या धाकाने ज्याला त्याला हा पट्टा एकदाचा संपवायचा असतो. तिसऱ्या भागात गट तुटतो. खिंडीच्या माथ्यावर पहिला पोचतो तेव्हा शेवटचा अजून खाली कुठल्याशा वळणावर एकटा धापा टाकत असतो.

हे पूर्वीही व्हायचं. गटात ई-सायकल आल्यापासून फरक एवढाच पडला की कोण पुढे आणि कोण मागे, याचा क्रम उलटापालटा झाला. सदुसष्ट वर्षांचे काका खिंडीत पुढे निघून जातात आणि रोज जिममध्ये घाम गाळणारा पुतण्या मागे राहतो. मग कोणी कुजबुजतं, ‘मोटर लावून काय, कोणीही चढेल.’ काका ते ऐकतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. या प्रकरणात आपल्याला पाहायचंय ते हेच: सायकलला मोटर लागली की सोबतीच्या सफरीचे रिवाज का आणि कसे बदलावे लागतात, आणि कुठे मुळीच बदलायचे नसतात.

वारा, चढ आणि वॅट

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे विरोधक दोन. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण हा एक, आणि हवा हा दुसरा. घर्षण वेगाबरोबर फारसं वाढत नाही. हवेचा अडथळा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. पाऊणशे किलोचा माणूस आणि बारा किलोची साधी सायकल धरून ढोबळ हिशेब केला, तर ताशी २० किलोमीटरला सुमारे ९० वॅट लागतात, २५ला सुमारे १५० आणि ३०ला २३०च्या आसपास. म्हणजे ‘जरा पाचने वाढवू या’ असं पुढचा सहज म्हणतो, तेव्हा मागच्याला दीडपटीहून जास्त जोर लावायला तो सांगत असतो.

यात वारा आला की गणित आणखी बिघडतं. रोह्याहून पेणला परतताना तोंड उत्तरेला असतं, आणि कोकण किनाऱ्यावर दुपारकडे समुद्राचा वारा पश्चिम-वायव्येकडून जोर धरतो. ताशी दहा किलोमीटरचा वारा अगदी समोरून असेल तर त्याच २० किलोमीटरच्या वेगाला ९० ऐवजी दीडशे वॅट लागतात. म्हणूनच सकाळी हसत रोह्याला पोचलेली माणसं परतताना नागोठणे ते वडखळ या पट्ट्यात एकदम गप्प होतात.

चढावर हवा बाजूला पडते आणि वजन पुढे येतं. पाच टक्क्यांचा, दोन किलोमीटरचा चढ आहे असं धरू. साध्या सायकलवरचा आपला गडी १४५ वॅट देत असेल तर तो ताशी दहाच्या वेगाने चढेल. शेजारी तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस चोवीस किलोच्या ई-सायकलवर आहे. तो स्वतः फक्त १०० वॅट देतोय, मोटर दीडशेची भर घालतेय. त्याचा वेग ताशी पंधरा. पहिल्याला माथा गाठायला बारा मिनिटं लागतील, दुसऱ्याला आठ. ई-सायकलवाला वर पोचून पाणी पीत असताना पहिला अजून साडेसहाशे मीटर खाली असेल, आणि त्याने कष्ट मात्र जवळजवळ दीडपट केलेले असतील. कुणाच्याही मनात पुढे जायचं नसताना अंतर पडलेलं असतं.

मोटर काय देते आणि काय देत नाही

जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली ‘पास’ नावाची सायकल बाजारात आणली. पेडलवर पाय जोर देतोय हे ओळखून त्या जोराला मोटरची जोड देणारी, विकायला आलेली ही पहिली सायकल. पुढच्या तीस वर्षांत हा प्रकार इतका पसरला की जर्मनीत २०२३ साली विकल्या गेलेल्या नव्या सायकलींपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे एकवीस लाख, ई-सायकली होत्या. आपल्याकडे हीरो लेक्ट्रो, पुण्याची ईमोटोरॅड अशा कंपन्यांनी ती छोट्या शहरांतल्या दुकानांपर्यंत आणली.

कायद्याची बाजू सरळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत असेल, तर ते वाहन ‘मोटार वाहन’ गणलं जात नाही. नोंदणी नको, लायसन्स नको. कंपनीने घातलेली वेगाची मर्यादा कुणी काढून टाकली की ही सवलत संपते आणि कायद्याच्या नजरेत ती विनानोंदणीची मोटारसायकल होते. अशी सायकल गटात घेऊ नये. अपघात झाल्यावर हा मुद्दा काढण्यापेक्षा आधीच काढलेला बरा.

या २५च्या मर्यादेतून एक गंमत निर्माण होते, जी ई-सायकल न चालवलेल्यांना माहीत नसते. सपाटीवर गट २७-२८ने निघाला की मोटर बंद पडते, आणि स्वाराकडे उरते ती रुंद टायरची, साध्या सायकलीच्या दुप्पट वजनाची सायकल. म्हणजे चढावर सगळ्यांच्या पुढे असलेला माणूस सपाटीवर वेगवान गटाच्या मागे पडतो. त्याचा त्रास कुणाला दिसत नाही, कारण ‘त्याच्याकडे मोटर आहे’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. ई-सायकल माणसाला वेगवान करते हा समज अर्धाच खरा. ती चढावरचा आणि वाऱ्यातला वेग वाढवते, आणि २५च्या पुढे ओझं होते.

दुसरी गोष्ट सेन्सरची. स्वस्तातल्या बहुतेक ई-सायकलींना पेडल फिरतंय की नाही एवढंच कळतं, पाय किती जोर देतोय ते कळत नाही. पाय नुसते गोल फिरवले तरी मोटर ठरलेली शक्ती देते. ती चालू व्हायला अर्धा फेरा उशीर लावते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. महागड्या सायकलींत जोर मोजणारा सेन्सर असतो, त्यात मोटर पायाच्या प्रमाणात साथ देते. एकटं चालवताना हा फरक सवयीने जातो. पण पाठोपाठ चाललेल्या रांगेत पहिल्या प्रकारची सायकल दचके देते: सुटताना झेप घेते, थांबताना पुढच्यावर जाते. काही सायकलींना स्कूटरसारखा हाताने पिळायचा थ्रॉटलही असतो. गटात थ्रॉटलला हात लावायचा नाही, हा रिवाज म्हणूनच निव्वळ शिष्टाचाराचा नाही, सुरक्षेचा आहे.

गटाचा वेग की ज्याचा त्याचा वेग

एकत्र चालवायचं तर वेग कोणाचा, हा वाद मोटरपेक्षा जुना आहे. १८९७ साली इटलीतल्या काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचं अंतर एका दिवसात काटण्याचा घाट घातला. त्या धाडसाला ‘ऑडॅक्स’ नाव पडलं. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनी १९०४ साली ही कल्पना फ्रान्समध्ये आणली. पद्धत अशी की सगळ्यांनी गटाने, ठरलेल्या वेगाने जायचं. पुढे कॅप्टन, त्याला ओलांडायचं नाही. १९२१ साली वाद झाला आणि दोन वाटा झाल्या. एक वाट गटाच्या ठरलेल्या वेगाची, ती आजही चालू आहे आणि तिथे कॅप्टन ताशी साडेबावीस किलोमीटरचा वेग राखतात. दुसरी वाट मुक्त वेगाची: ठरलेल्या मुदतीत पोचा, कसं चालवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून नाशिक-नागपूरपर्यंत ज्या ब्रेव्हे, म्हणजे मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, होतात त्या या दुसऱ्या वाटेच्या. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस आणि ६००ला चाळीस. तिथे नियम स्पष्ट आहे: वाहन स्वाराच्या स्वतःच्या ताकदीवरच चाललं पाहिजे. ई-सायकलला प्रवेश नाही, आणि त्यात कुणाचा अपमानही नाही, कारण तिथे माणूस स्वतःला जोखायला जातो.

शर्यतीत तर विचारूच नका. २०१६ साली बेल्जियममधल्या झोल्डर इथे सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एका स्पर्धकाच्या सायकलीत दडवलेली मोटर सापडली आणि तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. पण बंदी घालणाऱ्या जागतिक सायकल संघटनेनेच २०१९पासून ई-माउंटन बाइकची वेगळी जागतिक स्पर्धा सुरू केली. गुन्हा मोटर असण्याचा नव्हता. सगळ्यांचा एक करार होता आणि एकीने तो लपूनछपून मोडला, हा गुन्हा होता.

रविवारच्या रोहा राइडचाही करार असतो, पण तो कुणी बोलून दाखवत नाही. अर्धे लोक ती पहिल्या वाटेची समजून येतात, अर्धे दुसऱ्या. ई-सायकलवर फुटणारे बहुतेक वाद मुळात या न बोललेल्या कराराचे असतात. मोटर दिसते म्हणून खापर तिच्यावर फुटतं.

जादा बैलजोडी

पहिल्या वाटेची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढते. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. रथाची ताकद त्या चढापुरती कितीतरी वाढते. पण रथ दिंड्यांना मागे टाकून सासवडला लवकर पोचत नाही. पुढच्या दिंड्या पुढे, मागच्या मागे, आणि रथ आपल्या जागी. जादा बैल कशासाठी? रथ मागे पडू नये, सोहळा तुटू नये, एवढ्यासाठी.

ई-सायकलच्या मोटरचं सोबतीच्या सफरीतलं काम नेमकं हेच आहे. मोटर गटाच्या वेगापर्यंत पोचण्यासाठी वापरायची, गटाच्या पुढे जाण्यासाठी नाही. ज्या गटात हे एक वाक्य सगळ्यांना मान्य असतं, तिथे बाकीचे रिवाज त्यातून आपसूक निघतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाई, बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसलेले सेवानिवृत्त मास्तर, नवऱ्याच्या वेगाला कंटाळून घरीच राहणारी बायको, या सगळ्यांना मोटरमुळे त्याच गटात, त्याच वेगाने, त्याच चहाच्या टपरीपर्यंत येता येतं. आणि त्यांचा व्यायामही होतो. मदत कमी ठेवली तर पाय फिरवावेच लागतात, श्वास वाढतो, घाम येतो. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की व्यायाम मध्यम स्वरूपाचा झाला असं समजावं. ही कसोटी साध्या सायकलला लागू आहे तशीच ई-सायकललाही.

रस्त्यावरचे रिवाज

गटात दोन माणसं ठरलेली हवीत: सर्वांत पुढे लीड आणि सर्वांत मागे स्वीप. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही, स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही. लीड म्हणून गटातला सर्वांत दणकट माणूस नेमण्याचा मोह टाळावा. आरशात न बघता निघून जाणारा लीड असला की रांग वडखळच्या आधीच तुटते. मधल्या ताकदीचा, घड्याळापेक्षा मागच्यांकडे जास्त लक्ष देणारा माणूस बरा. स्वीपचं काम मात्र अनुभवी माणसाचं. पंक्चर काढता येणारा, पंप आणि पाने बाळगणारा आणि शेवटच्या माणसाला आपण ओझं आहोत असं वाटू न देणारा. बॅटरी भरलेली असेल तर ई-सायकलवाला उत्तम स्वीप होतो. कुणासाठी थांबून पुन्हा गट गाठणं त्याला सोपं जातं, आणि मदतीचं सामान वाहण्याचा त्रासही कमी.

खिंडीत गट एकत्र ठेवण्याचा हट्ट करू नये. चढ ज्याने त्याने आपल्या गतीने चढावा. फार हळू चालवायला लावलं तर साध्या सायकलवरच्याचा तोल जातो, फार जोरात लावलं तर छाती भरते. एकत्र यायचं ते माथ्यावर, रस्त्याच्या बाहेर, वळण सोडून. पण इथे एक अन्याय नेहमी होतो. पुढचे दहा मिनिटं बसलेले असतात. शेवटचा येतो, पाय टेकवतो, आणि कोणीतरी म्हणतं, ‘चला, आले सगळे, निघू या.’ ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज त्याला ती मिळतच नाही. म्हणून विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस आल्यावर सुरू करायचं. तो पाणी पिऊन, दम खाऊन स्वतः ‘चला’ म्हणाला की निघायचं.

चढावर ई-सायकलवाल्यापुढे दोन पर्याय असतात. एकतर वर जाऊन निवांत थांबावं, किंवा मदतीची पातळी खाली आणून शेवटच्या माणसाच्या आगेमागे राहावं. सोबतीच्या सफरीत दुसरा पर्याय अधिक शोभतो, कारण खिंडीत एकटं पडणं हे चढापेक्षा जास्त खच्ची करतं. फक्त त्या वेळी गप्पा मारू नयेत. धाप लागलेल्या माणसाला ‘काय म्हणतंय ऑफिस?’ असं विचारलं तर उत्तर द्यायलाही श्वास लागतो. ‘अजून थोडंच राहिलंय’ हे खोटं आश्वासनही नको. वळणं किती राहिली ते माहीत असेल तर तेवढं सांगावं. पाठीला हात लावून ढकलण्याचा प्रकार सिनेमात बरा दिसतो. वाहतुकीच्या रस्त्यावर त्यात दोघंही पडतात.

ओलांडून जाताना आधी हाक द्यावी, उजवीकडून जावं आणि वेगात फार फरक ठेवू नये. दमलेल्या माणसाच्या शेजारून सर्रकन निघून जाणारी ई-सायकल त्याला दचकवतेही आणि दुखावतेही. साध्या सायकलवाल्यांनीही जीभ आवरावी. मोटरवरून मारलेला टोमणा बहुतेक वेळा अशा माणसाला लागतो, जो मोटर नसती तर आलाच नसता. कुणाच्या गुडघ्यात काय आहे आणि छातीत काय आहे, याची चौकशी करण्याचा गटाला अधिकार नाही.

उतारावर उलटं होतं. जड सायकल जोरात उतरते आणि थांबायला जास्त अंतर घेते. भिसे खिंडीतून रोह्याकडे उतरताना ई-सायकलवाल्यांनी मागे राहावं आणि पुढच्याशी भरपूर अंतर ठेवावं. पावसाळ्यात शेवाळलेल्या कडा आणि वाहून आलेली खडी असते, तेव्हा तर नक्कीच.

समोरच्या वाऱ्यात मात्र ई-सायकलने पुढे यावं. दुसऱ्याच्या आडोशाने चालवलं की हवेचा अडथळा बराच कमी होतो. हवेचा सापेक्ष वेग ताशी तीसच्या आसपास असेल तर मागच्याचे पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. परतीच्या प्रवासात नागोठण्यापासून दोन ई-सायकली पुढे लागल्या आणि त्यांनी वेग १८-२० असा घट्ट धरून ठेवला, तर मागची चार-पाच माणसं त्यांच्या आडोशाला वडखळपर्यंत येतात. मोटरचा यापेक्षा चांगला उपयोग या रस्त्यावर नाही. अट एवढीच की नजर वेगदर्शकावर हवी, ब्रेक अचानक लावायचा नाही, खड्डा दिसला की हात करून ओरडून सांगायचं, आणि पाठोपाठ चालवण्याची सवय नसलेल्यांनी निदान एका सायकलीएवढं अंतर राखायचं.

महामार्गावर रांग एकेरीच. पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागातून गणपतीच्या आधी मूर्तींचे टेम्पो निघू लागतात आणि उत्सवाच्या तोंडावर चाकरमान्यांच्या गाड्यांनी हा रस्ता फुलून जातो. त्या दिवसांत गटाने इथे यायचंच नाही, हा रिवाज कुठल्याही हेल्मेटपेक्षा जास्त कामाचा. आडरस्त्याला लागलं तरी गाव आलं की वेग उतरवावा. ई-सायकलचा आवाज जवळपास नसतोच. विहिरीवरून हंडा घेऊन निघालेल्या बाईला किंवा रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला ती अंगावर येईपर्यंत कळत नाही. दुरूनच घंटी वाजवावी, आणि आळीतून जाताना मोटर बंदच ठेवली तरी चालतं.

बॅटरीचा हिशेब

पुष्कळशा ई-सायकलींची बॅटरी ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला तर २७० वॅट-तास. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने जाताना मोटर २०० वॅट ओढत असेल तर किलोमीटरला दहा वॅट-तास खर्च होतात, आणि बॅटरी सत्तावीस किलोमीटरला संपते. पेणहून पूर्ण मदतीवर निघालेला माणूस त्यामुळे नागोठण्याच्या आसपास, म्हणजे खिंडीच्या तोंडावरच कोरडा पडतो. ज्या चढासाठी मोटर घेतली त्याच चढावर चोवीस किलोची सायकल स्वतःच्या पायांनी ओढायची पाळी येते.

जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर करायचे तर किलोमीटरमागे तीन-साडेतीन वॅट-तासच हाताशी आहेत. म्हणून सपाटीला मदत बंद किंवा सर्वांत खालची, खिंडीत मधली आणि परतीच्या वाऱ्यासाठी निम्मी बॅटरी राखून ठेवायची. दोन अँपिअरचा साधा चार्जर तासाला साधारण ७५ वॅट-तास भरतो. रोह्यात मिसळ आणि चहाला तासभर लागला तर पाव बॅटरी भरून निघते. पण हॉटेलात शिरल्या शिरल्या प्लग शोधत फिरू नये. मालकाला विचारावं, गल्ल्यावर विजेचे म्हणून चार पैसे जास्त ठेवावेत, आणि वायर वेटरच्या पायात येणार नाही अशी लावावी. गटानेही इतकं करावं: ई-सायकल बरोबर असेल तर थांबा प्लग असलेल्या ठिकाणीच घ्यावा. साध्या सायकलवाल्याला पंक्चरसाठी थांबतोच ना आपण? तसंच हे.

बॅटरी दगा देऊ शकते हे गृहीत धरून परतीची सोयही आधीच पाहून ठेवावी. हा रस्ता रेल्वेच्या सोबतीने जातो. पेण, नागोठणे आणि रोहा ही तिन्ही स्थानकं पनवेल–रोहा मार्गावर आहेत आणि रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. सायकल कुठल्यातरी ओळखीच्या दुकानात ठेवून माणसाला गाडीने घरी पाठवणं यात हार नाही. त्याला एकट्याला न पाठवणं, एवढा रिवाज पाळावा.

निघण्यापूर्वी

यातलं बरंचसं शनिवारच्या एका निरोपात बसतं. ग्रुपवर टाकायचा तो निरोप साधारण असा असावा:

‘उद्या पेण–रोहा–पेण, सोबतीची राइड. पेण एसटी स्टँडवरून बरोबर पावणेसहाला निघू. सपाटीला वेग १८ ते २०, त्याहून जास्त नाही. वडखळ, नागोठणे आणि खिंडीचा माथा इथे सगळे एकत्र येऊ. शेवटचा आल्यावर दहा मिनिटं थांबू. ई-सायकलवाल्यांचं स्वागत, चार्जर आणा, थ्रॉटल वापरायचा नाही. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसेल तर येऊ नका. ज्यांना जोरात चालवायचंय त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी वेगळी राइड.’

यातली शेवटची ओळ पुष्कळ लीड गाळतात, कारण जोरकस मित्र दुखावतील असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तीच ओळ गट वाचवते. वेगाची भूक खरी असते, ती दाबून टाकली तर वडखळच्या पुढे कुठेतरी उसळून येतेच. तिला तिचा रविवार दिला की हा रविवार सर्वांचा राहतो. आणि निरोपात वेगाचा आकडा लिहिताना ‘सरासरी’ हा शब्द वापरू नये. थांबे धरून की वगळून, चढ धरून की वगळून, यावर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं बोलतं. सपाटीला जास्तीत जास्त किती, एवढंच लिहावं. तो आकडा गटातल्या सर्वांत हळू माणसाला आधी फोन करून विचारावा आणि मगच निरोप टाकावा.